साबुदाणा चालतो का? एकादशीचा उपवास आणि लेंटचा उपवास

फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या 'लेंट' या ख्रिस्ती उपवासकाळात, सोलापुरात एखाद्या ख्रिस्ती माणसाने 'आज उपवास आहे' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: 'मग साबुदाणा चालतो का?' प्रश्न आपुलकीचा असतो, कधीकधी पाठोपाठ खिचडीची ताटलीही येते. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे तिथे उपवास म्हटल्यावर एकादशीच आठवणार. पण 'हो, चालतो' एवढ्यावर थांबलं तर गोंधळ वाढतो, कारण साबुदाणा चालतो तशी ज्वारीची कडक भाकरीही चालते. आणि ते ऐकून समोरच्याच्या चेहऱ्यावर येतं, 'मग हा कसला उपवास?'

एकादशीचा नियम मुख्यतः काय खायचं याचा आहे. ज्वारी, गहू, तांदूळ, डाळी बंद. शेंगदाणे, रताळी, बटाटा, भगर, दूध, फळं चालू. कडक पाळणारे निर्जळी करतात आणि द्वादशीला सोडतात. (खिचडीतला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, शिवाय शेंगदाणा, बटाटा आणि मिरची हे सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. ज्ञानोबा-नामदेवांच्या काळच्या एकादशीला यातलं काहीच नव्हतं.) अर्थात वारकऱ्याला विचाराल तर तो खाण्यावर बोलणारच नाही. त्याच्या लेखी एकादशी म्हणजे हरिनाम, कीर्तन, रात्रीचा जागर.

लेंटच्या उपवासात धान्याला बंदी नाही. कॅथलिक चर्चचा नियम दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो. एक म्हणजे उपवास: दिवसातून एकदाच पोटभर जेवण, बाकी दोन वेळा थोडंसं, तेही दोन्ही मिळून एका जेवणाइतकं होऊ नये. हा उपवास सक्तीचा फक्त दोन दिवस आहे, राखेचा बुधवार (लेंटचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे (येशूला वधस्तंभावर दिल्याचा दिवस), आणि तो १८ वर्षं पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंतच्या माणसांना. दुसरी गोष्ट म्हणजे मांस वर्ज्य करणं. ते या दोन दिवशी आणि लेंटमधल्या शुक्रवारी, वयाच्या १४ वर्षांपुढे. मासळी आणि अंडी यात येत नाहीत. नियम एवढाच. बरेच जण स्वतःहून याहून पुष्कळ जास्त पाळतात.

प्रोटेस्टंट मंडळींचं चित्र आणखी निराळं. सोलापुरात एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनने काम उभं केलं. ते मिशनरी काँग्रिगेशनल परंपरेचे, म्हणजे प्रत्येक मंडळी आपला कारभार आपणच पाहते अशा पंथाचे, आणि त्या परंपरेची मुळं इंग्लंडच्या प्युरिटन, म्हणजे चर्चमधले जुने विधी काढून टाकू पाहणाऱ्या लोकांत. प्युरिटनांनी लेंट नाकारलाच होता. बायबलात तसा हुकूम नाही आणि उपवासाने तारण मिळत नाही, हे त्यांचं म्हणणं. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्यात अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या), काँग्रिगेशनल आणि इतर मंडळ्या एकत्र आल्या आणि लेंट सामाईक पंचांगात बसला. तरी सक्ती नाही. कोणी एक वेळ जेवतं, कोणी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत काही घेत नाही, कोणी फक्त प्रार्थनेला वेळ वाढवतं. एका घरात तीन माणसांचे तीन नियम असू शकतात.

म्हणूनच मला वाटतं, लेंटची जोडी एकादशीशी लावणंच चुकतं. ती लावायचीच तर चातुर्मासाशी लावावी. एकादशी हा दिवस आहे, लेंट हा हंगाम आहे. चातुर्मासात आजी वांगी, कांदा-लसूण सोडते, कोणी एखादं आवडीचं फळ सोडतं, रोज एक अध्याय वाचायचा नेम धरतं. लेंटमध्ये कोणी चहा सोडतं, कोणी मटण, कोणी मोबाइलवरच्या मालिका, आणि शुभवर्तमान, म्हणजे बायबलातलं येशूचं चरित्र, वाचायचा नेम धरतं. चातुर्मासात लग्नं थांबतात, लेंटमध्येही शक्यतो काढत नाहीत. कॅथलिक चर्चमध्ये वेदीवर जांभळं वस्त्र येतं आणि 'हालेलुया' ईस्टरपर्यंत गायलं जात नाही. हे सांगितलं की शेजाऱ्यांना पटकन उमगतं. फरक शेवटाचा. चातुर्मास कार्तिकीला देव उठल्यावर संपतो आणि फिरून दरवर्षी तसाच येतो. लेंट मात्र येशूच्या आयुष्यातल्या एका घडून गेलेल्या आठवड्याकडे चालत जातो: यरुशलेममधला प्रवेश, शेवटचं भोजन, वधस्तंभ, रिकामी कबर.

दिवसांचा हिशेबही नीट पाहण्यासारखा आहे. म्हणतात चाळीस दिवस, पण राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजले तर ४६ भरतात. मधले सहा रविवार धरत नाहीत, कारण प्रत्येक रविवार येशूच्या पुनरुत्थानाचा. आणि ईस्टर ठरतो चंद्रावरून: चर्चच्या गणनेत २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, तिच्यापुढचा रविवार. त्यामुळे पंढरपूरची चैत्री वारी पुष्कळदा लेंटच्या शेवटच्या दिवसांत येते. २०२६ चंच पाहा, २९ मार्चला चैत्री एकादशी आणि झावळ्यांचा रविवार (ईस्टरच्या आधीचा रविवार, येशूच्या यरुशलेम प्रवेशाचा) एकाच दिवशी.

आता राखेबद्दल. सोलापूर हे सिद्धरामेश्वरांचं गाव. लिंगायत घरात विभूती हे अष्टावरणांपैकी, म्हणजे भक्ताला राखणाऱ्या आठ गोष्टींपैकी, एक. गोमयापासून केलेली, कपाळावर आडव्या पट्ट्यांनी रोज लावायची. राखेच्या बुधवारी मिस्सातून (कॅथलिक चर्चमधल्या उपासनेतून) बाहेर पडलेल्या माणसाच्या कपाळावर राख पाहून 'तुमच्यातही विभूती असते?' असं कोणी विचारलं तर नवल नाही. ती राख मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून केलेली असते, वर्षातून एकदाच, क्रुसाच्या आकारात. विभूती शिवाची खूण म्हणून अभिमानाने मिरवायची असते. ही राख पश्चात्तापाची: तू माती आहेस, मातीला मिळशील, हे सांगत फादर ती लावतात. गंमत अशी की त्याच दिवशी मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातला उतारा वाचतात. त्यात येशू सांगतो की उपवास करताना तोंड धू, डोक्याला तेल लाव, लोकांना कळू देऊ नकोस. हे ऐकायचं आणि कपाळावर राख घेऊन मंगळवेढेकडे जाणारी बस पकडायची. मला ही विसंगती आवडते. ती प्रत्येकाने आपापली सोडवायची.

बायबलातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ५८ वा अध्याय तर याहून कडक आहे. उपास करून भांडणारे, मजुरांना राबवून घेणारे लोक तिथे चांगलेच सुनावले गेलेत, आणि खरा उपास म्हणजे भुकेल्याला आपल्यातली भाकर देणं असं म्हटलंय. म्हणून लेंटमध्ये प्रार्थना आणि उपवासाच्या बरोबरीने दानधर्म येतो. ज्या जेवणाला फाटा दिला त्याचे पैसे बाजूला काढायचे, नुसतं वजन कमी करायचं नाही. आजारपणात किंवा गरोदरपणात उपाशी राहायचं बंधनही कोणावर नाही.

तर शेजारच्या ख्रिस्ती घरी या दिवसांत काय न्यावं? बिनमांसाचं काहीही: खिचडी, शेंगाची चटणी, भाकरी, काहीही. फक्त आधी विचारून घ्या, 'यंदा तुम्ही काय सोडलंय?' गोडच सोडलं असेल तर शेंगापोळी ईस्टरनंतर द्यावी. आणि गुड फ्रायडेला 'हॅपी गुड फ्रायडे' असा संदेश पाठवू नका. दुपारी बारा ते तीन त्या घरातली माणसं बहुधा चर्चमध्ये येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवरची प्रवचनं ऐकत असतात, तो दिवस दुःखाचा आहे. शुभेच्छा त्यानंतरच्या रविवारी द्या.