झाडाच्या जखमेवरचा लेप: आर्बोरिस्टचं काम इथपर्यंत कसं आलं

आर्बोरिस्ट म्हटलं की पुष्कळांना वाटतं दोरी बांधून वर चढणारा आणि फांद्या पाडणारा माणूस. खरं तर त्याचं काम झाड टिकवायचं, आणि हे काम कसं बदलत गेलं ते बघायचं असेल तर एकच धागा धरून मागे जा, झाडाला जखम झाली की माणूस काय करायचा.

सहाव्या शतकात वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा अख्खा अध्याय आहे. थंडी, वारा, ऊन यांनी झाड आजारी पडतं, पानं पिवळी पडतात, मग आधी शस्त्राने खराब भाग साफ करा, नंतर वावडिंग, तूप आणि चिखलाचा लेप लावा आणि दूध-पाणी घाला असं त्यात सांगितलंय. म्हणजे झाडाला पेशंट मानायची कल्पना अजिबात नवी नाही.

पुढे 1791 मध्ये इंग्लंडच्या राजाचा माळी विल्यम फोर्सिथ याने शेण, जुन्या बांधकामाचा चुना, लाकडाची राख आणि वाळू असा लेप जाहीर केला. तेव्हा जहाजांसाठी ओकचं चांगलं लाकूड हवं होतं, त्यामुळे पार्लमेंटने त्याला चक्क बक्षीस दिलं!

पण याचा पोटापाण्याचा धंदा झाला तो अमेरिकेत. जॉन डेव्ही नावाचा इंग्लंडहून आलेला माणूस ओहायोतल्या केंटमध्ये झाडांवर काम करायचा, 1901 मध्ये त्याने 'द ट्री डॉक्टर' हे पुस्तक काढलं, 1909 मध्ये कंपनी रजिस्टर झाली आणि माणसं ट्रेन करायची शाळाही निघाली. ट्री सर्जरी हा शब्द तेव्हाचा, आणि पद्धतही अगदी दाताच्या डॉक्टरसारखी, म्हणजे ढोलीतलं कुजलेलं लाकूड खरवडून काढायचं, आतून रंगवायचं आणि सिमेंट भरायचं. माणसं मनापासून करत होती हे, हे विसरू नका. मात्र कोणीही उठून ट्री सर्जन व्हायला लागला म्हणून 1919 मध्ये कनेक्टिकटने लायसन्सचा कायदा केला, 1924 मध्ये या लोकांची जी परिषद सुरू झाली तीच आजची इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर.

खरा धक्का दिला अ‍ॅलेक्स शायगो यांनी. हे अमेरिकेच्या फॉरेस्ट सर्व्हिसमधले शास्त्रज्ञ, 1959 पासून चेनसॉ (साखळीची यांत्रिक करवत) घेऊन त्यांनी हजारो झाडं उभी चिरून बघितली. आधीचे लोक बहुतेक आडवे काप बघायचे, त्यामुळे कूज खोडात वर-खाली कशी जाते ते नीट कळायचंच नाही. त्यांना दिसलं की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही, झाड ती कोंडून टाकतं. जखमेभोवती चार भिंती उभ्या राहतात, वर-खालची सगळ्यात कच्ची, आणि जखमेनंतर जे नवीन लाकूड येतं त्याच्या कडेची सगळ्यात पक्की. 1977 मध्ये हे कोडिट (म्हणजे झाडाने कूज कोंडून टाकणं) नावाने छापून आलं आणि शेकडो वर्षांचा लेप एकदम बाद झाला, कारण रंग किंवा डांबर फासून कूज थांबत नाही, उलट आत ओल धरते. ढोली खरवडताना तर आपणच ती पक्की भिंत फोडत होतो.

मला विचाराल तर या कामातला सगळ्यात मोठा बदल हाच, चेनसॉ किंवा हार्नेस (चढताना अंगाला बांधायचे पट्टे) यांच्यापेक्षाही मोठा. आधी फांदी खोडाला अगदी चिकटून सपाट कापणं म्हणजे सफाईदार काम समजायचे. आता फांदीच्या बुडाशी जो फुगवटा असतो, ज्याला कॉलर म्हणतात, त्याच्या बाहेरून कापतात, आणि जड फांदी असेल तर आधी खालून खाच, मग थोडं पुढे वरून काप, आणि शेवटी कॉलरपाशी, नाहीतर फांदी पडताना साल खालपर्यंत सोलून नेते.

1992 पासून ही आर्बोरिकल्चर सोसायटी परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देते, त्याला साधारण तीन वर्षांचा अनुभव किंवा शिक्षण आणि अनुभव मिळून लागतो. चढता येणं हा त्यातला एक भाग झाला, माती, मुळं, रोग, झाड पडायचा धोका किती आहे हे ओळखणं, सगळं यावं लागतं.

जुनी सिमेंट भरलेली झाडं अजूनही कुठे कुठे निघतात. बाहेरून काही दिसत नाही, नवीन लाकडाने सगळं झाकून टाकलेलं असतं, आणि कापायला घेतलं की चेन खाडकन दगडावर आपटल्यासारखी आपटते.