नळी आत ढकलण्याआधी

गेल्या जुलैत माझ्या मावसभावाचा फोन आला. गिरगावच्या घरातला माळा आवरताना त्याला आजोबांची जुनी लेन्स सापडली होती. कडेवर 'लाइट्झ एल्मार' अशी अक्षरं, मुलामा जागोजागी उडून खालचं पितळ दिसत होतं. त्याच्याकडे सेकंडहँड घेतलेला डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरा होता, आणि अ‍ॅडॉप्टर लावून त्याने लेन्स बसवलीही होती. "दादा, काय मस्त बसलीये! आता ही नळी आत ढकलली की कॅमेरा खिशात."

मी ओरडलोच. "ढकलू नकोस! आधी लेन्स काढ. आणि काढताना पुढचं तोंड धरू नकोस, मागची कडी धर."

खरं तर तो करू पाहत होता तेच आजोबांनी वर्षानुवर्षं केलं असणार. ही लेन्स बनवलीच होती त्यासाठी. ऑस्कर बार्नाक यांनी लाइट्झ कंपनीत घडवलेला लायका कॅमेरा 1925 साली लाइपझिगच्या वसंत जत्रेत लोकांसमोर आला. तेव्हा बहुतेक गंभीर छायाचित्रकार काचेच्या प्लेट्स आणि तिपाई घेऊन हिंडत. बार्नाक यांना कोटाच्या खिशात मावेल असा कॅमेरा हवा होता, पण पन्नास मिलिमीटरची लेन्स पुढे उभीच राहते. दूरच्या वस्तूची प्रतिमा रेखीव यायची तर भिंग फिल्मपासून सुमारे पन्नास मिलिमीटरवर असायला हवं, हा प्रकाशाचा नियम आहे. त्यावर सापडलेला उपाय मला आजही सुंदर वाटतो. फोटो काढताना नळी बाहेर ओढायची, किंचित फिरवून अडकवायची, आणि काम झालं की ती कॅमेऱ्याच्याच पोटात सरकवायची. मॅक्स बेरेक यांनी आखलेल्या एल्मारमध्ये चार भिंगं तीन गटांत आहेत आणि ती सगळी नळीच्या पुढच्या टोकाशी बसतात. मागे राहते ती पोकळ नळी. म्हणजे कॅमेऱ्यात खोलवर जाते ती काच नसते, पितळेची गोल कडा असते.

हे जमलं, कारण कॅमेऱ्याच्या पोटात जागा रिकामी होती. एसएलआर, म्हणजे लेन्समधूनच पाहायच्या कॅमेऱ्यात, लेन्सच्या मागे आरसा असतो. रेंजफाइंडरमध्ये पाहायची खिडकी वेगळी, त्यामुळे लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये शटरच्या कापडी पडद्याशिवाय काही नाही. रबर चढवलेला तो पातळ पडदा फिल्मच्या अगदी पुढून आडवा सरकायचा आणि नळीसाठी त्याच्यापुढे भरपूर जागा उरायची.

आता डिजिटल कॅमेऱ्याचं पोट बघा. बाहेरून आकार जवळपास तोच, पण आतलं सामान वाढलेलं. 2006 सालच्या लायका एम8 मध्ये कापडी पडदा गेला आणि धातूच्या पात्यांचं, वरून खाली धावणारं शटर आलं. त्याची चौकट जाड असते. मागे फिल्मच्या जागी प्रतिमा टिपणारा सेन्सर, सेन्सरवर संरक्षक काच. शटरच्या पात्यांवर फिकट पट्टे रंगवलेले असतात, त्यांच्यावरून परतणारा प्रकाश वाचायला प्रकाशमापकही आतच बसवलेला. आजोबांच्या नळीसाठी राखलेल्या खोलीत आता दुसरंच बिऱ्हाड आलं आहे, असं म्हणायला हरकत नाही. नळीची कडा पात्यांवर टेकली तर पातं वाकू शकतं. आणि ते पातं सेकंदाच्या काही हजाराव्या भागाइतक्या अचूकतेने धावायचं असतं.

अ‍ॅडॉप्टरमुळे थोडी तरी जागा वाढते, असं पुष्कळांना वाटतं. ते गणित करून बघू. जुन्या आट्याच्या लेन्सची बैठक, म्हणजे कॅमेऱ्याला टेकणारी कडा, फिल्मपासून 28.8 मिलिमीटरवर असायची. 1954 साली आलेल्या एम माउंटमध्ये, म्हणजे लायकाच्या लेन्स बसवायच्या नव्या पद्धतीत, हे अंतर 27.8 मिलिमीटर झालं. मधला एक मिलिमीटर भरून काढायला अ‍ॅडॉप्टर असतो. लेन्सच्या दृष्टीने बैठक पुन्हा 28.8 वरच येते, म्हणून तर ती अनंतावर, म्हणजे अगदी दूरच्या वस्तूवर, नीट फोकस होते. पूर्ण दाबलेली नळी फिल्मच्या जितकी जवळ यायची तितकीच सेन्सरच्या जवळ येते. लांब अ‍ॅडॉप्टर लावून मिररलेस (आरसा नसलेल्या) डिजिटल कॅमेऱ्यावर बसवली तरी हिशेब तोच, आणि तिथे लेन्स काढ-घाल करताना बहुतेक मॉडेलांचं शटर उघडंच असतं, म्हणजे समोर थेट सेन्सरची काच.

खुद्द लायकाच्या एम9 या 2009 सालच्या कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलं आहे: आत सरकणाऱ्या नळीच्या लेन्स नळी बाहेर ओढूनच वापरा, ती कॅमेऱ्यात कधीही दाबू नका. अपवाद मॅक्रो-एल्मार-एम 90 मिलिमीटरचा, कारण तिची नळी मिटली तरी कॅमेऱ्याच्या आत येत नाही. उलट 1954 ते 1968 या काळातली मिटणारी एल्मार 90 मिलिमीटर तर 'वापरताच येत नाही' अशा यादीत आहे. रशियन ज्युपिटर-12 ही मिटणारी लेन्स नव्हे, पण तिचं मागचं भिंग इतकं आत घुसतं की तिच्याबाबतही जपून राहावं.

मी मावसभावाला पुढचं तोंड धरू नको का म्हणालो, ते सांगायला हवं, कारण बहुतेक अपघात तिथेच होतात. नळी अडकवताना ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवतात. सोडवताना उलट. आणि लेन्स कॅमेऱ्यावरून उतरवतानाही समोरून पाहिलं तर उलट दिशेनेच फिरवावी लागते. घाईत लेन्सचं पुढचं कडं धरून फिरवलं, तर माउंट सुटण्याआधी नळीची खाच सुटते आणि हाताच्या दाबाने ती सरळ आत जाते. ढकलायचा विचारही मनात नसतो. मागची, माउंटलगतची कडी धरायची सवय हाताला लागली की हा धोका जवळजवळ संपतो.

मावसभाऊ रविवारी लेन्स घेऊन माझ्याकडे दादरला आला. मोजमाप आम्ही लेन्स हातात घेऊन केलं. कॅमेऱ्याच्या तोंडातून कसलीही पट्टी किंवा काडी आत घालून खोली मोजायच्या फंदात पडू नये. नळी पूर्ण दाबली, बैठकीच्या सपाट कडेला जाड कागदाची पट्टी टेकवली आणि नळीचं मागचं टोक जिथे आलं तिथे पेन्सिलीने खूण केली. कागद अशासाठी, की चुकून आतल्या भिंगाला लागला तरी ओरखडा नको. त्या खुणेपासून कॅमेऱ्यातल्या शटरपर्यंत नक्की किती जागा उरते हे घरी मोजायचा सुरक्षित मार्ग आमच्याकडे नव्हता, म्हणून आम्ही सरळ नळीच रोखली.

रोखायची रीत सोपी आहे. बाहेर ओढलेल्या नळीचा जेवढा भाग दिसतो तेवढ्या रुंदीची पट्टी तिच्याभोवती गुंडाळायची. पुढचं डोकं आणि मागची कडी यांच्यामध्ये ती अडसरासारखी बसते. खाच सुटली तरी नळी जाणार कुठे? काही जण मोजून अरुंद पट्टी किंवा नागदेवी स्ट्रीटला मिळणारी रबरी ओ-रिंग लावतात आणि नळी अर्धीच आत जाऊ देतात. ते चुकीचं नाही, पण चार-पाच मिलिमीटर वाचवण्यासाठी एवढी जोखीम घ्यावी असं मला वाटत नाही. पट्टीचा चिकट भाग मात्र नळीला लावू नये. मुंबईच्या उन्हात डिंक पाघळतो, पितळेवर पसरतो आणि तिथून आत जातो. आम्ही प्लॅस्टिकच्या जाड फाइलची पट्टी कापली आणि तिचं टोक तिच्यावरच चिकटवलं.

नळी वरखाली न करण्याचं आणखी एक कारण आहे, आणि आपल्या शहरात ते मोठं आहे. मिटणारी नळी म्हणजे सायकलच्या पंपाचा दट्ट्याच. प्रत्येक खेपेला ती हवा आत लोटते आणि तिच्याबरोबर धूळ, झिजलेल्या पितळेचा कण, जुन्या ग्रीसमधून सुटलेलं तेल. फिल्मच्या काळात हे खपून जायचं. प्रत्येक फोटोला फिल्मचा कोरा तुकडा पुढे यायचा, कण बसला तर एका फोटोवर. सेन्सर तोच राहतो, त्यामुळे डागही प्रत्येक फोटोत त्याच जागी. इथल्या पावसाळी दमटपणात या धुळीला बुरशीचीही साथ मिळते. आजोबांच्या भिंगावर तिची कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी होती. बुरशी नुसती दिसायला वाईट नाही. तिच्यातून सुटणारी आम्लं काच कोरतात, आणि मग पुसूनही खूण जात नाही. फोर्टातल्या एका जुन्या कारागिराने लेन्स खोलून साफ केली, नवं ग्रीस भरलं. ते झाल्यावरच आम्ही ती पुन्हा कॅमेऱ्यावर चढवली.

पहिले फोटो आले ते मरीन ड्राइव्हचे, आणि सगळे मऊ. मावसभावाला वाटलं, लेन्सच तशी. मी नळी थोडी ओढून फिरवली, 'टक्' असं जाणवलं. ती पूर्ण अडकलेलीच नव्हती. त्याचं गणित मला फार आवडतं. नळी जागेपासून एक दशांश मिलिमीटर मागे राहिली, तर एफ/3.5 वर (म्हणजे लेन्सचं छिद्र पन्नास मिलिमीटर भागिले साडेतीन एवढं उघडं असताना) एका बिंदूची प्रतिमा त्या अंतराला साडेतीनने भागून येईल एवढी, म्हणजे सुमारे 29 मायक्रॉनची (मिलिमीटरचे हजारावे भाग) चकती होते. एम9 सारख्या सेन्सरचा एक पिक्सेल 6.8 मायक्रॉनचा. एका ताऱ्याचा प्रकाश चार पिक्सेलांच्या रुंदीत सांडतो. जाड कागदाच्या अर्ध्या जाडीएवढी चूक, आणि फोटो गेला. म्हणून बाहेर ओढल्यावर अडकल्याची खात्री बोटांनी करायची, प्रत्येक वेळी.

दुसऱ्या फेरीत क्वीन्स नेकलेसचे दिवे सुईच्या टोकासारखे आले. कॅमेरा खिशात मावत नाही, तो आता गळ्यात असतो, नळी बाहेर आणि तिच्याभोवती फाइलची ती निळी पट्टी. दसऱ्याच्या सुमारास, हवा कोरडी झाली की, तो ती काढून बघतो, कडा फाटली असेल तर नवी कापतो.