टाइड बाजारात येण्याआधीची पंधरा वर्षं

टाइड अमेरिकेत विक्रीला आलं १९४६ साली, पण त्यामागची गोष्ट सुरू होते साबणाच्या एका जुन्या खोडीपासून. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबणाची त्यांच्याशी गाठ पडली की न विरघळणारा चिकट साका तयार होतो. धुण्याच्या टबाला कडेने जे राखाडी कडं धरतं, ते हेच. हाच साका धाग्यांतही बसतो. मग चार धुण्यांत पांढरा सदरा कळकट दिसू लागतो, टॉवेल वाळला की खरखरीत लागतो. घासून घासून हात दुखले तरी फरक पडत नाही, कारण चूक हातांची नसतेच.

१९३१ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बल या अमेरिकी साबण कंपनीचे रॉबर्ट डंकन जर्मनीला गेले. तिथे कापडधंद्यासाठी बनवलेलं एक कृत्रिम रसायन त्यांच्या पाहण्यात आलं, जड पाण्यातही साका न धरणारं. नमुने सिनसिनाटीला, कंपनीच्या मुख्यालयात, आले आणि १९३३ मध्ये त्याच धर्तीची ड्रेफ्ट ही पावडर निघाली. साका गेला, पण तिची ताकद नाजूक कपड्यांपुरतीच. कामावरच्या कपड्यांतली माती आणि तेलकट मळ तिला निघेना.

ही कोंडी फोडली कंपनीतले संशोधक डेव्हिड बायर्ली यांनी, आणि मला या सगळ्या इतिहासात हाच माणूस सर्वांत मोठा वाटतो. मळ सोडवणाऱ्या रसायनाला जोड म्हणून फॉस्फेटसारखे घटक घालतात. या धंद्यात त्यांना ‘बिल्डर’ म्हणतात. ते पाण्यातलं कॅल्शियम अडकवून ठेवतात. पण सुरुवातीला वापरलेल्या बिल्डरांनी मळ निघाला तरी कपडे ताठ आणि चरचरीत व्हायचे. प्रयोग फसत गेले, वरिष्ठांचा उत्साह ओसरला, दुसरी कामं पुढे आली. बायर्ली मात्र मागे हटले नाहीत. त्यांचे थेट वरिष्ठ थॉमस हॅल्बरस्टॅट यांनी त्यांना सांभाळून घेतलं.

१९४१ च्या सुमारास बायर्लींनी सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेट हा फॉस्फेट बिल्डर हाती घेतला आणि प्रमाणच उलटं केलं. मूळ रसायन जास्त, बिल्डर कमी, हा तोवरचा रिवाज. त्यांनी एक भाग रसायनाला तीन भाग बिल्डर घातला. मळ निघाला आणि कपडा मऊ राहिला.

पुढे युद्धाचा काळ. तो संपता संपता नमुना वरपर्यंत पोचला, तेव्हा प्रतिस्पर्ध्यांना सुगावा लागू नये म्हणून नेहमीच्या लांबलचक चाचण्यांना फाटा देऊन कारखाने उभारायचं ठरलं. १९४६ मध्ये मोजक्या शहरांत आणि काही वर्षांतच देशभर टाइड पोचलं. नारिंगी-पिवळ्या वर्तुळांचा तो खोका डिझायनर डोनाल्ड डेस्की यांच्या हातचा. द्रवरूप टाइड आलं १९८४ मध्ये.

बायर्लींनी तिप्पट घातलेला घटकच पुढे वादात सापडला. सांडपाण्यातून गेलेल्या फॉस्फेटवर तळ्यांत शेवाळ माजतं, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या ईरी सरोवराची दशा पाहून १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी फॉस्फेटवर निर्बंध आणले. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथल्या घरगुती धुण्याच्या पावडरींतून ते जवळजवळ हद्दपार झालं आणि त्याच्या जागी झिओलाइटसारखे दुसरे बिल्डर आले.