जाड अक्षरांची कुळकथा

लग्नसराई लागली की खान्देशात छपाईवाल्याकडे आणि पेंटरकडे मागणी एकच, "लांबथून दिसाले जोयजे." वधूवरांच्या नावांसाठी मी अशा वेळी 'रोझा वन' काढतो. काना चांगला भरीव, अक्षराचं पोट गच्च आणि दोन्हींना जोडणारी रेघ केसाएवढी. अहमदाबादच्या इंडियन टाईप फाउंड्रीने हा फाँट २०१४ मध्ये मोफत खुला केला. त्यातली देवनागरी ज्योतिष सोनोवाल यांची.

या रूपाचं मूळ मात्र युरोपात आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस इटलीतल्या पार्म्याचे मुद्रक बोदोनी आणि पॅरिसचे मुद्रक दिदो यांनी जाड-बारीक रेघांमधला फरक टोकाला नेला, तो पुस्तकांसाठी. एकोणिसावं शतक उजाडलं आणि लंडनच्या भिंती लॉटरीच्या जाहिरातींनी भरल्या. रॉबर्ट थॉर्नसारख्या छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, ओतणाऱ्यांनी मग जाड रेघा आणखी फुगवल्या. बारीक तशाच ठेवल्या. याला 'फॅट फेस' म्हणू लागले. एवढे मोठे खिळे शिशात जड आणि महाग पडत. न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्स यांनी १८२७ मध्ये ते यंत्राने लाकडात कापायला सुरुवात केली. थोडक्यात, हे अक्षर भिंतीसाठीच वाढलेलं.

रोमन अक्षरांच्या टोकांना असतात तसे सेरीफ, म्हणजे छोट्या आडव्या रेघा, देवनागरीला नाहीत. आपल्याकडे शिरोरेघ आहे आणि जाड-बारीकपणा तिरक्या कापलेल्या बोरूतून आलाय. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे खिळे राणोजी रावजी आरू यांनी कोरले, त्यांतही बोरूचं हेच वळण दिसतं. मला तर हेच वळण शाळेत जाता-येता अमळनेरच्या एका पेंटरच्या हातात पहिल्यांदा दिसलं. खडूत घोळवलेला दोरा पत्र्यावर ताणून तो टिचकी मारायचा, रेघ उमटायची. चपट्या ब्रशने काना दोन फटक्यांत भरायचा, पण वेलांटीचं शेपूट ओढताना श्वास रोखून धरायचा. त्या शेपटावरच पाटीची शोभा ठरते, असं मला आजही वाटतं.

हीच बारीक रेघ छपाईत दगा देते. एकदा गडद मेंदी रंगाच्या पत्रिकेवर सोनेरी शाईत मी सगळा मजकूर या फाँटमध्ये लावला. नावं झळकली, पण खाली 'ज्ञानेश्वर'मधला 'ज्ञ' शाईने बुजून नुसता ठिपका झाला. आप्तेष्टांच्या यादीची तर रयाच गेली. ज्यांची नावं वाचता आली नाहीत त्यांचं वाईट वाटलं, आणि चूक माझीच होती.

दुकानाची पाटी, दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ, यात्रेचा फलक, पत्रिकेतली दोन नावं: तीन-चार शब्द, भरपूर आकार आणि भोवती मोकळी जागा. एवढं मिळालं की हा फाँट राजासारखा बसतो. महामार्गावरच्या फ्लेक्सला मी तो देत नाही. धावत्या गाडीतून बारीक रेघा दिसतच नाहीत, अक्षरं तुटल्यासारखी वाटतात. मुहूर्त, पत्ता आणि फोन नंबर आता साध्या, सारख्या जाडीच्या फाँटमध्ये लावतो.