आधी दिवे ठरवा, मग रंग
(घराचं काम काढणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

"मन प्रसन्न राहील असा रंग कोणता?" आमच्याकडे पहिल्यांदा येणारे जवळजवळ सगळेच हा प्रश्न विचारतात, आणि विचारता विचारता मोबाइलमधला एखाद्या खोलीचा फोटो पुढे करतात. त्यावर आम्ही उलट विचारतो: संध्याकाळी सातनंतर तुमच्या घरात कोण कुठे बसतं, आणि कोणता दिवा लावतं? काही जण गोंधळतात, काही थोडे वैतागतात. रंग विचारायला आलो आणि हे आमचा दिनक्रम काय काढून बसले, असं चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं. दर वेळी तेच समजावण्यापेक्षा एकदा नीट लिहून द्यावं म्हणून हे पत्रक.

रंगाचा मनावर परिणाम होतो, हे आम्हाला मान्यच आहे. पण एकट्या रंगाला जेवढं श्रेय मिळतं तेवढं त्याचं नसतं. १९७९ साली अमेरिकेत सिअ‍ॅटलमधल्या नौदलाच्या तुरुंगात एक कोठडी खास गुलाबी रंगाने रंगवली. त्या रंगाने कैदी शांत होतात असं जाहीर झालं आणि तो रंग इतर तुरुंगांतही पोचला. पुढे काटेकोर चाचण्या झाल्या तेव्हा तसा परिणाम काही दिसला नाही. म्हणून "पिवळा म्हणजे उत्साह, निळा म्हणजे शांती" असले तक्ते आम्ही कुणाच्या हातात देत नाही. डोळ्यांना दिसतो तो भिंतीवरून परत आलेला उजेड. दिवा बदलला की रंग बदलला.

एका ग्राहक ताईंनी बेडरूमसाठी राखाडी झाक असलेला फिका हिरवा निवडला होता. फोटोतल्या खोलीत सकाळचं ऊन होतं. रंगाचे दोन हात झाले, सामान लागलं आणि आठवड्याच्या आत फोन आला: "खोली आजारी वाटते हो. आत गेलं की बाहेर यावंसं वाटतं." आम्ही मुद्दाम रात्री नऊला गेलो. छताच्या मधोमध ६५०० केल्विनचा एकच पांढराफेक दिवा (केल्विन म्हणजे उजेडाच्या छटेचं माप; आकडा लहान तितका उजेड पिवळसर, मोठा तितका निळसर). त्यात भिंत सिमेंटसारखी दिसत होती, चादर निळसर, आणि ताईंचा चेहरा होता त्याहून थकलेला. तो दिवा बंद करून आम्ही बरोबर नेलेले २७०० केल्विनचे दोन दिवे पलंगाच्या दोन्ही बाजूंना, उशीच्या थोडं वर धरले. भिंतीतला हिरवा हळूच वर आला. ताई पलंगाच्या कडेला बसल्या, भिंतीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हाच रंग होता का हा?"

रंग चुकला नव्हता. पण पलंगाशेजारी दिव्याचे पॉइंटच काढलेले नव्हते. नव्या कोऱ्या भिंतीला खाचा मारल्या, पाइप टाकून वायर ओढली, मग सिमेंट, पुट्टी, घासणी, प्रायमर आणि पुन्हा दोन हात. खाचेपुरता रंग मारला तर तो पट्टा उन्हात वेगळा उठून दिसतो, म्हणून अख्खी भिंतच रंगवावी लागली. झोपायच्या खोलीत चार दिवस धूळ. त्या कुटुंबाची जी ओढाताण झाली ती बघून आम्ही ठरवलं, की दिव्यांच्या जागा कागदावर आल्याशिवाय रंगाची चर्चाच सुरू करायची नाही. ग्राहकांचा वेळ सगळ्यांत जास्त जातो तो याच एका चुकीत: रंग आधी, दिवे नंतर. भिंतींना पहिला हात लागल्यावर "इथे एक दिवा हवा होता" असं सुचतं, आणि तोवर उशीर झालेला असतो.

दिव्याच्या खोक्यावर केल्विनचा आकडा छापलेला असतो, तो वाचायची सवय लावून घ्या. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, उबदार उजेड. ४००० च्या आसपास मधला पांढरा. ६५०० म्हणजे निळसर पांढरा, दुपारच्या आभाळासारखा. सहसा सगळ्या घरात एकच, तोही ६५०० चा लावला जातो, कारण दुकानात तो जास्त लख्ख वाटतो. स्वयंपाकाच्या ओट्यावर किंवा अभ्यासाच्या टेबलावर दिवसा तो चालेल. रात्री दहाला तोच उजेड शरीराला "अजून दिवस आहे" असं सांगत राहतो. आपल्या डोळ्यात बघण्यासाठी लागणाऱ्या पेशींखेरीज आणखी एका जातीच्या प्रकाशसंवेदी पेशी असतात. त्यांचा शोध २००२ च्या सुमारास पक्का झाला. ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या उजेडाला त्या सगळ्यांत जास्त प्रतिसाद देतात आणि मेंदूतल्या घड्याळाला वेळ कळवतात. २०२२ मध्ये या विषयातल्या शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने शिफारस केली, की दिवसा घरात भरपूर उजेड असावा आणि झोपण्याआधीचे किमान तीन तास तो अगदी मंद असावा. आपल्या घरांत नेमकं उलटं असतं. दिवसा पडदे ओढलेले, रात्री लखलखाट.

दिवसाच्या उजेडाची बरोबरी कुठलाच दिवा करत नाही. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर हजारो लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, आणि रात्री हॉलमध्ये साधारण शंभर-दोनशे. म्हणून कपाट खिडकीला आडवं येत असेल तर आम्ही ते हलवायला सांगतो, मग फर्निचरचा नकाशा पुन्हा काढावा लागला तरी चालेल.

खोक्यावरचा दुसरा आकडा सीआरआयचा, म्हणजे त्या दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा. तो ९० किंवा जास्त असलेला दिवा घ्या, निदान जेवणाच्या टेबलावर आणि आरशापाशी. कमी सीआरआयच्या दिव्यात लाल रंग नीट उमटत नाही आणि माणसांच्या चेहऱ्यांवरची रया जाते. रोज संध्याकाळी घरातले सगळे एकमेकांना मरगळलेले दिसत असतील तर त्याचा बोलण्या-वागण्यावर परिणाम होणारच.

घरात वडीलधारी असतील तर एक गोष्ट आवर्जून सांगतो. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. "बाबा हल्ली वाचत नाहीत, नुसते चिडतात" असं जिथे ऐकलं, तिथे त्यांच्या खुर्चीमागे खांद्याच्या उंचीवर वाचायचा दिवा लावल्यावर पेपर पुन्हा हातात आलेला आम्ही पाहिला आहे. छतावरचा दिवा मोठा करून हे जमत नाही, डोळ्यांवर चकाकी तेवढी वाढते.

आता रंगाकडे. शेडकार्डावरचा बोटभर तुकडा आणि चार भिंती यांत फार अंतर असतं. भिंती एकमेकींवर उजेड फेकतात, त्यामुळे लागलेला रंग कार्डापेक्षा गडद आणि भडक वाटतो. म्हणून आम्ही दोन बाय दोन फुटांच्या हार्डबोर्डवर दोन हात मारून, कडेला पांढरी पट्टी सोडून सॅम्पल देतो. जुन्या भिंतीवरच पट्टा मारून बघू नका, शेजारचा जुना रंग डोळ्याला फसवतो. बोर्ड खिडकीसमोरच्या भिंतीला टेकवा, मग खिडकीच्याच भिंतीला, मग कोपऱ्यात. सकाळी, दुपारी आणि तुमच्या रोजच्या दिव्यात रात्री, असे तीन दिवस. त्याबरोबर २७००, ४००० आणि ६५०० केल्विनचे दिवे असलेली एक पेटीही आम्ही देतो. या तीन दिवसांचे वेगळे पैसे घेत नाही, कारण त्यात तुमचे आणि आमचे पुढचे कित्येक दिवस वाचतात. "तीन दिवस कशाला, उद्याच रंगारी पाठवा" असा आग्रह होतो. आम्ही नम्रपणे नाही म्हणतो.

मोबाइलवरचा फोटो मात्र जरूर आणा. त्यातला रंग तसाच्या तसा मिळणार नाही, पण त्या खोलीतलं तुम्हाला नेमकं काय आवडलं ते कळतं. पुष्कळदा ते रंग नसतोच. रिकामी जमीन असते, नाहीतर खिडकीशी ठेवलेली एकुलती एक खुर्ची.

आणखी एक गोष्ट, जी कुणी विचारत नाही. नवी गुळगुळीत टाइल, काच, मोकळ्या भिंती, गुंडाळून वर जाणारे पातळ पडदे. घर देखणं होतं, आणि महिनाभरात घरातले सगळे मोठ्याने बोलायला लागतात. टीव्हीचा आवाज वाढतो, मग त्याहून वरच्या आवाजात बोलणाऱ्या माणसांचा. हॉलच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे झणझण रेंगाळली तर खोली आवाज परत फेकते आहे. जाड पडदे, सोफ्यासमोर गालिचा, एका भिंतीला पुस्तकांचं उघडं कपाट, एवढ्याने फरक पडतो. घरातली कटकट कमी झाली असं लोक आम्हाला नंतर सांगतात. कारण साधं आहे, दुसऱ्याचं म्हणणं पहिल्यांदाच नीट ऐकू येतं.

बसण्याची मांडणीही तशीच. सोफे एका रांगेत टीव्हीकडे तोंड करून असले की माणसं टीव्हीशीच बोलतात. एक खुर्ची काटकोनात वळवली आणि मध्ये खाली सोडलेला उबदार दिवा आला, की जेवणानंतर लोक पंधरा मिनिटं जास्त बसतात. दाराकडे पाठ होणाऱ्या खुर्चीवर बहुधा कुणी बसत नाही, तिच्यावर कपडे साठतात. तिथे खुर्ची ठेवून घरच्यांवर चिडण्यापेक्षा दाराशी चार खुंट्या लावू. फोन रात्री उशाशी नको असेल तर चार्जिंगचा पॉइंट उशाशी काढायचाच नाही. वायरिंगच्या वेळी एवढं सांगितलं तरी पुरे.

झोप उडाली असेल किंवा उदासी आठवडेन् आठवडे जात नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. ते आमच्या भिंतींचं काम नाही, आणि तसं आश्वासन आम्ही देणार नाही.

पहिल्या भेटीची वेळ शक्यतो संध्याकाळची ठरवा, सातनंतरची. त्याआधी एका दिवसाची नोंद कागदावर करून ठेवा: कोण, किती वाजता, कुठे बसलं आणि कोणता दिवा लावला. आम्ही येणार म्हणून घर आवरू नका, जास्तीचे दिवे लावू नका. नेहमीसारखं बसा. आम्ही सुरुवातीची दहा मिनिटं फक्त बघत बसतो, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.