गाण्यातला ‘मी’ आणि मंचावरचा माणूस

एकनाथांचं रोडग्याचं भारूड ऐकून नाथांना सासू-नणंदेचा जाच होता, असं कुणी म्हणत नाही. भवानीआईला नवस बोलते ती सून, लिहिलं नाथांनी, एवढं पोरांनाही कळतं. लावणीत बोलते ती बाई, लिहिणारा शाहीर बुवा, यानंही आपण कधी गोंधळलो नाही. रॉक लावलं की मात्र तेच कान फसतात. गळ्यात गिटार अडकवून उभा असलेला माणूस आपलीच कहाणी सांगतोय, असं आपण धरून चालतो.

याला कारण आहे. 1960च्या दशकात, बॉब डिलन आणि बीटल्सच्या काळात, आपली गाणी आपणच लिहून गायची रीत रुळली. लिहिणारा, गाणारा आणि गाण्यात बोलणारा असे तिघे एकाच चेहऱ्यामागे जाऊन बसले. अर्थ लावायचा तर आधी त्यांना वेगळं करावं लागतं.

अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा 1982चा ‘नेब्रास्का’ हा अल्बम घ्या. त्याच्या पहिल्याच गाण्यात ‘मी’ म्हणून बोलतो तो चार्ल्स स्टार्कवेदर, 1958 साली पकडला गेलेला खुनी. इथे कुणाचीच फसगत होत नाही; स्प्रिंगस्टीननं खून केले नाहीत हे सगळ्यांना ठाऊक असतं. ‘मी’ गायकापासून जितका लांब, तितकं काम सोपं. तो गायकासारखाच जीन्स घालणारा, कामगार वस्तीतला निघाला, की गडबड सुरू होते.

म्हणजे स्प्रिंगस्टीनचंच ‘बॉर्न इन द यूएसए’ हे गाणं, 1984. कागदाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे ‘मी’ स्वतःबद्दल जे जे सांगतो ते लिहा, उजवीकडे लिहिणाऱ्याबद्दल पक्कं ठाऊक असलेलं. डावा रकाना असा भरतो: गावात काही भानगड झाली आणि हातात बंदूक देऊन व्हिएतनामला धाडलं, परत आल्यावर रिफायनरीत नोकरी नाकारली, माजी सैनिकांच्या दफ्तरातही दाद लागली नाही, भाऊ व्हिएतनाममध्ये खे सान्हला लढला, तो गेला, सायगावमध्ये त्याची एक प्रेयसी होती, तिच्या मिठीतला त्याचा फोटो तेवढा उरलाय, आणि आता हा माणूस तुरुंगाच्या सावलीत उभा आहे. उजवीकडे काय येतं? स्प्रिंगस्टीन वैद्यकीय तपासणीत नापास झाला, लढाईवर गेलाच नाही. त्याला भाऊ नाही, दोन बहिणी आहेत. एवढ्यावर निकाल लागतो: हा ‘मी’ रचलेला आहे.

मग इतक्यांना ते देशाभिमानाचं गाणं का वाटलं? कडवी घोगऱ्या आवाजात, अर्धवट चावत गायलेली. ध्रुवपद मात्र नावाचेच चार शब्द, तेही घसा फोडून, आणि खाली सिंथेसायझरची ती एकच धून न थांबता. स्टेडियममध्ये कडवी हरवतात, ध्रुवपद उरतं. 19 सप्टेंबर 1984 रोजी न्यू जर्सीतल्या हॅमंटन इथल्या प्रचारसभेत अध्यक्ष रेगन यांनी स्प्रिंगस्टीनच्या गाण्यांतल्या आशेच्या संदेशाचा दाखला दिला, तेव्हा याच नावाचा अल्बम देशभर गाजत होता.

ताडून पाहायचं तर या गाण्याचा 1982चा डेमो, म्हणजे कच्चं ध्वनिमुद्रण, ऐका. ‘नेब्रास्का’ ज्या चार-ट्रॅक कॅसेट रेकॉर्डरवर घरी बसून झाला, त्याच खेपेत हेही गाणं टेपवर उतरलं होतं. ते 1998च्या ‘ट्रॅक्स’ संचात बाहेर आलं. गाणं तेच, पण ड्रम नाहीत, बँड नाही. जल्लोष कुठेच सापडत नाही. तरी ‘लोकांनी गाणं उलटंच घेतलं’ असं म्हणून हात झटकणंही बरोबर नाही. ध्रुवपदात अभिमान आहेच, फक्त तो हक्क सांगणारा अभिमान आहे: इथेच जन्मलो ना, मग माझी ही गत का? दर खेपेला ध्रुवपद आधीच्या कडव्याच्या शेवटच्या ओळीला जोडून वाचा, म्हणजे त्याचा सूर कसा पालटत जातो ते दिसेल.

मराठी माणसाच्या हाती आणखी एक कसोटी आहे. इंग्रजीत ‘मी’चं लिंग क्रियापदात दिसत नाही. प्रत्येक कडव्याचा मतलब एका मराठी वाक्यात सांगून पाहा. ‘मी हरवलो’ की ‘मी हरवले’, हे ठरवल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. समोरच्याला ‘तू’ म्हणायचं की ‘तुम्ही’, तेही ठरवावं लागतं. जिथे अडाल, तिथे बोलणारा कोण हे तुम्ही अजून धरलेलं नाही.

‘द पोलिस’ या बँडचं ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ (1983) या कसोटीवर घासा. श्वास तिचा, हालचाल तिची, पाऊल तिचं. तो फक्त पाहत राहतो. ती एकदाही उत्तर देत नाही. लग्नात हे गाणं वाजवणाऱ्यांनी क्रियापदं मोजलेली नसतात. बँडचा गायक स्टिंग यानं ते 1982मध्ये, स्वतःचा संसार मोडत असताना लिहिलं, आणि त्यात काहीतरी भयावह आहे असं पुढे स्वतःच सांगितलं. जखम खरी, पण पाळत ठेवणारा ‘मी’ तिच्यातून घडवलेला. गाणं कशातून सुचलं आणि गाण्यात कोण बोलतंय, हे दोन प्रश्न इथे अलग ठेवावे लागतात. म्हणूनच मुलाखती शेवटी वाचाव्यात, आधी नाही.

गायक आणि ‘मी’ खरोखर एकच असतात, अशीही गाणी आहेत. इंग्लिश गिटारवादक-गायक एरिक क्लॅप्टनचा चार वर्षांचा मुलगा 1991मध्ये मॅनहॅटनमधल्या इमारतीच्या 53व्या मजल्यावरून पडून गेला. ‘टिअर्स इन हेवन’मधला ‘मी’ हा तोच बाप. शब्दांत गीतकार विल जेनिंग्ज यांचा वाटा असूनही. 2004मध्ये क्लॅप्टननं हे गाणं गाणं काही वर्षांसाठी थांबवलं, कारण ते दुःख आता तसं जाणवत नाही, असं त्याला वाटलं. रचलेल्या पात्रासाठी कुणी असं थांबत नाही.

दुसऱ्याचं गाणं गायलं तर ‘मी’ नवीन देहात शिरतो. अमेरिकन रॉक गायक ट्रेंट रेझनरचं ‘हर्ट’ 1994चं, तेव्हा तो तिशीच्याही आत. 2002मध्ये सत्तरीतल्या कंट्री गायक जॉनी कॅशनं ते गायलं. मुकुटाच्या ओळीतली शिवी काढून त्यानं काट्यांचा मुकुट केला. बाकीचे शब्द जवळपास तेच, पण बोलणारा आता ख्रिस्ती म्हातारा, निरोपाच्या उंबरठ्यावरचा.

राहिली उलटी चूक: सगळंच पात्राच्या गळ्यात घालून मोकळं होणं. डायर स्ट्रेट्स या बँडच्या ‘मनी फॉर नथिंग’मध्ये (1985) बोलतो तो दुकानात मायक्रोवेव्ह, फ्रिज, कलर टीव्ही उचलणारा कामगार. टीव्हीवरच्या रॉकस्टारकडे पाहून तो जळतो, आणि समलिंगी पुरुषांना दिली जाणारी शिवी हासडतो. बँडचा गायक मार्क नॉफ्लर यानं न्यूयॉर्कमधल्या अशाच एका दुकानात तसं बोलणं ऐकून ते टिपलं होतं. जानेवारी 2011मध्ये कॅनडाच्या प्रसारण मानक परिषदेनं काटछाट न केलेलं गाणं खासगी रेडिओसाठी अयोग्य ठरवलं. त्याच वर्षी पुढे निर्णय स्टेशनांवर सोडला. शिवी कामगाराच्या तोंडची, हे खरंच. पण ऐकलेल्यातलं काय ठेवायचं, ते नॉफ्लरनं ठरवलं. म्हणून या गाण्याच्या कागदावर शिवी डाव्या रकान्यात लिहा आणि तिच्यासमोर उजवीकडे ‘हा शब्द निवडला’ असं लिहा.