हरात्मक: एका तारेची वंशावळ

गणितात ‘हरात्मक श्रेढी’, भौतिकशास्त्रात ‘सरल हरात्मक गती’ (झोक्यासारखं एका लयीत मागेपुढे होणं), संगीतात ‘हार्मोनिक्स’. मूळ शब्द एकच, पण शिकताना या तिघांचं नातं सहसा कुणी सांगत नाही. मराठी प्रतिशब्द मात्र झकास जमलाय. कानाला तो ‘हार्मोनिक’सारखाच लागतो, आणि अपूर्णांकाच्या छेदाला संस्कृतात ‘हर’ म्हणतात. १, १/२, १/३, १/४ या श्रेढीत सगळा खेळ हराचाच.

ग्रीक ‘हार्मोनिया’चा जुना अर्थ सुतारकामातला: सांधा, फळ्यांची घट्ट जोडणी. स्वरांकडे तो नंतर आला. तार निम्मी केली की वरचा सा, दोन तृतीयांश ठेवली की पंचम, हा शोध पायथागोरसच्या नावावर जमा आहे. लोहाराच्या हातोड्यांची वजनं पाहून आणि तशीच वजनं तारांना टांगून त्याला हे उमगलं, ही गोष्ट शतकानुशतकं सांगितली गेली. ती भाकडकथाच. तारेला टांगलेलं वजन दुप्पट करून वरचा सा मिळत नाही, ते चौपट करावं लागतं, हे सोळाव्या शतकात गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिली यांनी दाखवलं.

आता १२, ८ आणि ६ लांबीच्या तारा घ्या: सा, पंचम, वरचा सा. यातला ८ हा १२ आणि ६ यांचा हरात्मक माध्य: १/१२ आणि १/६ यांची सरासरी १/८, ती उलटी केली की ८. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातला ग्रीक गणिती आर्किटस याच्या लिखाणात या माध्याला ‘हार्मोनिक’ हे नाव सापडतं. म्हणजे गणितातलं नाव थेट तारेवरून उतरलंय. जाताना ताशी ४० आणि त्याच रस्त्याने येताना ताशी ६० किलोमीटर वेग असेल, तर सरासरी ५० नव्हे, ४८ येते. तोही हाच माध्य.

१ + १/२ + १/३ + ... ही बेरीज कुठल्याच संख्येपाशी थांबत नाही, वाढतच जाते, हे चौदाव्या शतकात निकोल ओरेमने सिद्ध केलं. चाल मात्र गोगलगायीची: १० ओलांडायला १२,३६७ पदं लागतात.

मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेच्या स्वरांना ‘हार्मोनिक’ म्हणणं रूढ केलं ते जोसेफ सॉव्हरने, १७०१ च्या सुमारास पॅरिसमध्ये. ध्वनिशास्त्राच्या या पुरस्कर्त्याचा स्वतःचा कान धड नव्हता. त्याचा कागदाच्या चिटोऱ्यांचा प्रयोग (ऑक्सफर्डमध्ये तो काही दशकं आधीच झाला होता) आजही करता येतो. तारेवर ठिकठिकाणी चिटोरे अडकवा, तिच्या एक तृतीयांशावर बोट नुसतं टेकवा, दाबू नका, आणि लहान भाग छेडा. दोन तृतीयांशावर ठेवलेला चिटोरा जागचा हलत नाही, बाकीचे उडून पडतात. कानावर येतो तिप्पट वारंवारतेचा स्वर, तार सप्तकातला पंचम. मोकळी तार छेडली तरी तो आत असतोच, आणि पाचपटीचा गांधारही. एका स्वरात इतके स्वर दडलेले असतात!

चामड्याला हा पूर्णांकी पटींचा नियम लागू नाही. एकसारख्या ताणलेल्या गोल पडद्याच्या वारंवारता १, १.५९, २.१४ अशा वेड्यावाकड्या येतात, म्हणून साध्या ढोलाला पक्का स्वर नसतो. मृदंग-तबल्याच्या पुडीवरची शाई मधलं वजन वाढवते आणि हे आकडे पूर्णांकांच्या पटीजवळ आणते. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये यावर ‘नेचर’मध्ये लिहिलं. वाजवणाऱ्यांना ते कानाने कधीच कळलं होतं.

पुढे १८२२ मध्ये फूरिएने उष्णतेचा अभ्यास करताना कुठलाही आवर्ती आलेख अशा साध्या, म्हणजे सरल हरात्मक, लाटांच्या बेरजेत मांडायची रीत दिली, आणि शब्दाची आवाजाशी असलेली गाठ सुटली. आता लाप्लासचं समीकरण पाळणाऱ्या फलांनाही (फल म्हणजे ‘फंक्शन’) हरात्मक म्हणतात. अशा फलाची एका बिंदूवरची किंमत त्याच्या भोवतीच्या वर्तुळावरच्या किमतींची सरासरी असते. कडा ठरावीक तापमानाला धरलेल्या पत्र्यात उष्णता स्थिरावली की तापमान असंच पसरतं. तिथे ना तार आहे, ना कंप.